रेडिंगचा पॅगोडा पाहण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फिलाडेल्फियाला जातोच आहेस, तर एक दिवस रेडिंगसाठी काढ. वायव्येला साधारण 100 किलोमीटर. स्पेलिंग बघून 'रीडिंग' म्हणू नकोस, तिथले लोक लगेच ओळखतात. खालून वाहते ती स्कूलकिल नदी. तिच्या स्पेलिंगच्या वाटेला जाऊच नकोस.

पॅगोडा म्हटलं तरी ते देऊळ नाही, चपला काढायला जाशील! माउंट पेन डोंगरावर विल्यम विटमनची दगडाची खाण होती. खाणीने ओरबाडलेला डोंगर झाकायचा आणि वर चैनीचं हॉटेल काढायचं, म्हणून त्याने 1908 साली ही सात मजली, 72 फूट उंच जपानी थाटाची इमारत बांधली. दारूचा परवाना मिळाला नाही आणि धंदा उभा राहण्याआधीच बसला. बँकेने जप्ती आणली. 1910 मध्ये जोनाथन मोल्ड या व्यापाऱ्याने ती घेतली आणि 1911 मध्ये 1 डॉलरला शहराला देऊन टाकली. गावाची आजची शान म्हणजे मुळात बुडीत कर्ज.

वर जायला डुरिये ड्राइव्ह हा वळणावळणांचा रस्ता आहे. सुरुवातीच्या काळातला मोटार बनवणारा चार्ल्स डुरिये आपल्या मोटारी याच चढावर तपासायचा. हिवाळ्यात वळणांवर बर्फ असतो, तेव्हा सकाळची घाई नको. एरवी मात्र सकाळीच जा. शहर आणि नदी पश्चिमेला आहेत, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं आणि पेन स्ट्रीट थेट नदीपर्यंत सरळ रेघेसारखी दिसते. संध्याकाळी सूर्य समोर, फोटोत सगळं काळं. खालून पॅगोडाचा फोटो हवा असेल तर उलट हिशोब: दुपार टळू दे. शहरापासून तो 620 फूट उंच आहे, म्हणून वर वारा जोराचा; जाकीट असू दे.

आत 87 ओकच्या पायऱ्या. काकू बरोबर असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी कर. माथ्यावरची घंटा चुकवू नकोस: 1739 मध्ये जपानमधल्या ओबाता इथे ओतलेली, सुएझमार्गे बोटीने न्यूयॉर्कला आणि तिथून रेल्वेने आणलेली. इमारतीत अस्सल जपानी म्हणावं असं तेवढंच. रेडिओ घरोघरी येण्याआधी माथ्यावरचे दिवे उघडमीट करून सामन्यांचे निकाल कळवत, आगीच्या बंबांना दिशा दाखवत.

दुरुस्तीसाठी आतला भाग बंद ठेवतात कधीकधी. निघण्यापूर्वी शहराच्या कार्यालयाला फोन कर. बंद असला तरी कठड्यावरून शहर दिसतंच, घंटा तेवढी हुकेल.

तुझा,
विनय