टोपड्याचा बंद

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

माझ्या मुलाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. तो आता पोटभर दूध पिऊन झोपतो. तरीही त्याने जरासे दूध बाहेर काढले, की मी आधी त्याचा रंग पाहते. जन्मानंतर चौथ्या दिवशी त्याला हिरवीगार उलटी झाली, तेव्हा आधीच्या दवाखान्याने ‘पहिलटकरणी अशाच घाबरतात, ढेकर काढत जा’ असे सांगून आम्हाला घरी पाठवले होते. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि नवजात बाळाची अशी उलटी म्हणजे आतडे अडल्याची शक्यता समजून तातडीने तपासायची असते, हे आपल्याकडून कळले. तिथे दुपटे उलगडून पाहण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

ऑपरेशनविषयी मी काय लिहावे? माझ्या मनात राहिली आहे ती त्यानंतरची संध्याकाळ. सातव्या महिन्यात ग्रहण लागलेले असताना हिने भाजी चिरली, असे सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि आपण बाकावर त्यांच्या शेजारी बसलात, बाळाचे टोपडे मागून घेतलेत आणि खिशातले पेन उभे धरून त्याच्याभोवती टोपड्याचा बंद फिरवून दाखवलात. पेन म्हणजे आतड्याला रक्त पुरवणारी धमनी. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास मधले आतडे इवल्याशा पोटात मावेनासे होते, म्हणून ते नाळेत उतरते. दहाव्या आठवड्यात परतते आणि या जाण्यायेण्यात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एकूण २७० अंशांचा फेरा घेऊन जागेवर बसते. आमच्या बाळाचा फेरा अर्धवट राहिला, त्यामुळे आतड्याला पाठीशी धरून ठेवणारा पडदा रुंद पसरण्याऐवजी देठासारखा अरुंद झाला आणि त्या देठाभोवतीच पीळ बसला.

“आजी, हे तिसऱ्या महिन्यातच होऊन गेले होते. ग्रहण सातव्यात लागले,” एवढेच आपण म्हणालात.

पीळ आपण सोडवलात, ते आपले कौशल्य; पण एका बाळंतिणीच्या माथ्यावरचा दोष उतरवायला दहा मिनिटे बाकावर बसणे कोणत्याही बिलात लिहिलेले नसते. त्या रात्री सासूबाईंनी माझ्यासाठी आळिवाची खीर आणली. आता बाळाला पाहायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या लाटण्याभोवती टोपड्याचा बंद फिरवून सगळे समजावतात. दिशा तेवढी दर वेळी चुकते.

आपली कृतज्ञ,
बाळाची आई