सातासमुद्रापलीकडची वाडी

पुणे,
रविवार, रात्रीचे अडीच

प्रिय सुन्या,

फोनच करणार होतो, पण रेंजसाठी तुला आंब्याखाली जाऊन उभं राहावं लागतं आणि या वेळी तू काही उठायचा नाहीस. म्हणून पत्र. हसू नकोस.

झालं काय, संगमेश्वरला यायला कुंभार्ली घाट बरा की आंबा, ते मोबाइलवर बघत होतो. झोप येत नव्हती. चाळा म्हणून नकाशा लहान लहान करत गेलो, तर तुझी वाडी, कोकण, देश सगळं बारीक होऊन अख्खी पृथ्वी समोर आली. मग आफ्रिकेच्या खालच्या टोकाकडून डावीकडे नुसत्या निळ्यात बोट फिरवत राहिलो, तो एक ठिपका सापडला. ट्रिस्टन दा कुन्हा. पोर्तुगीज दर्यावर्दी 1506 मध्ये ते बघून गेला, त्याचंच नाव. आता बेट ब्रिटिशांचं आहे.

वस्ती अडीचशेच्या आत. सगळ्यात जवळचे शेजारी सेंट हेलेनावर, सुमारे 2,400 किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाऊनहून बोटीने आठवडाभर जायचं, आणि समुद्र खवळलेला असला तर गाव समोर दिसत असूनही बोटीतच बसून राहायचं. गावाचं कागदोपत्री नाव ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’. आपण सातासमुद्रापलीकडे असं नुसतं म्हणतो, यांनी ते पत्त्यातच घालून टाकलंय! तिथले लोक मात्र नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. तू ‘वाडी’ म्हणतोस तसं.

वस्ती झाली ती नेपोलियनमुळे. तो सेंट हेलेनावर कैदेत होता, त्याला सोडवायला कुणी या बाजूने येऊ नये म्हणून 1816 मध्ये इंग्रजांनी इथे शिपाई आणून ठेवले. वर्षभराने ते परत निघाले, तेव्हा विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल म्हणाला, मी राहतो. बायकोपोरांसकट राहिला. पुढे 1892 मध्ये जहाज फुटून आलेले दोन इटालियन खलाशीही तिथलेच झाले. आजही गावात आडनावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मग मी उपग्रहाचा फोटो मोठा केला. गावापासून जरा लांब हिरव्या उतारावर चौकोनच चौकोन, आणि भोवती दगडी गडगे. अगदी तुझ्या परसवाचे असावेत तसे! पण आत बटाटे. प्रत्येक घराचा आपापला वाफा, जमीन मात्र सगळ्या गावाची सामाईक. म्हणजे तुझ्या सातबाऱ्यावरची सतरा नावं आणि तो मुंबईचा सही न करणारा चुलता, ही भानगडच नाही. 1946 मध्ये त्यांनी स्वतःचं टपाल तिकीट छापलं, त्यावर किंमत लिहिली एक पेनी, नाहीतर चार बटाटे. आईला उठवून सांगावंसं वाटलं.

पण मी जागा राहिलो तो पुढच्या गोष्टीमुळे. 1961 मध्ये गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. अख्खं गाव होड्यांतून निघालं आणि शेवटी इंग्लंडला पोचलं. तिथे घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, टीव्ही, बस, दुकानं, सगळं. वर्षभराने मतदान घेतलं, परत जायचं की इथेच राहायचं? परत जायचं म्हणणारे 148, राहायचं म्हणणारे 5. आणि 1963 मध्ये बहुतेक सगळे खरंच परत गेले. त्याच डोंगराखाली, त्याच बटाट्यांत.

त्या 148 चं मला फारसं काही वाटलं नाही. मी विचार करत बसलो त्या पाचांचा. कारण सुन्या, त्यात मी असतो. पाणी चोवीस तास, कोपऱ्यावर डॉक्टर, असं म्हणत बसलो असतो. तू नोकरी सोडून गेलास तेव्हा म्हणत बसलो होतो ना, अगदी तसाच. निरोपाच्या जेवणाला चारचौघांत ‘सहा महिन्यांत परत येशील’ म्हणालो, वहिनींचं तोंड उतरलं ते दिसलं होतं मला. त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. वहिनींना सांग, मी म्हणालो ते चुकीचं होतं. नाहीतर राहू दे, मीच सांगतो.

शनिवारी निघतोय. चितळ्यांची बाकरवडी आणतोच, अजून काही हवं असेल तर बोल. आणि घाट कुठला, तेवढं सकाळी आंब्याखाली जाऊन कळव.

तुझा,
विज्या