एका ओळीपाशी थांबायला शिकवणाऱ्या फादरांना

आदरणीय फादर,

सादर नमस्कार.

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याचा चौथा सर्ग गेल्या आठवड्यात मूळ लॅटिनमधून वाचून पुरा झाला. हे सांगायला मी वसईला येणारच आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानावेत असे वाटले, कारण शाळेत संस्कृत शिकलेल्या माणसाची लॅटिनची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते, हे तुमच्याकडे येईपर्यंत मला ठाऊक नव्हते.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी वही अलंकारांच्या नावांनी भरलेली होती. पहिल्याच दिवशी तुम्ही ती मिटून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, “आधी अन्वय लाव.” क्रियापद गाठायचे, विभक्ती ओळखायच्या, कोणते विशेषण कोणत्या नामाचे ते प्रत्ययांवरून शोधायचे. तुमची खरी शिस्त त्यानंतर सुरू होई. अन्वय लागला की तो पुसून टाकायचा आणि कवीने शब्द ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने ओळ पुन्हा वाचायची.

‘स्पेलुंकाम दीदो दुक्स एत त्रोयानुस एआन्देम’ या ओळीवर आपण अख्खी दुपार घालवली, ती मी विसरणार नाही. वादळात कार्थेजची राणी डिडो आणि ट्रोजनांचा नायक ईनिअस एकाच गुहेत येतात, एवढाच तिचा अर्थ. ‘गुहा’ द्वितीयेत का, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही फक्त संस्कृतातले ‘ग्रामं गच्छति’ (गावाला जातो) म्हणालात, तिथेही गाव द्वितीयेतच, आणि मला पुढे काही विचारावे लागले नाही. मग तुम्ही ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवलेत. ‘गुहा’ सुरुवातीला, तिचे विशेषण ‘तीच’ अगदी शेवटी, आणि दोघे त्यांच्या मधोमध. ओळीनेच त्यांना गुहेत घेतले होते. हे द्वितीयेच्या प्रत्ययामुळेच साधते, कारण तो नसता तर इतक्या दूरच्या दोन शब्दांची जोडी जुळलीच नसती.

मी ‘दीदो दुक्स’ एकत्र वाचून ‘नेती डिडो’ असा अर्थ लावला होता. तुम्ही ती चूक लगेच खोडली नाहीत. पहिल्या सर्गात कार्थेजच्या स्थापनेविषयी ‘दुक्स फेमिना फाक्ती’, म्हणजे या कार्याची नेती एक स्त्री, असे म्हटले आहे, ते पान काढून दाखवलेत. पुढचा शब्द येईपर्यंत ते पद क्षणभर तिचेच वाटते आणि मग ईनिअसकडे जाते, हे तेव्हा ध्यानात आले. हीच ओळ सर्गात दोनदा येते. आधी जुनो देवीच्या बेतात पुढच्या ओळीतले क्रियापद भविष्यकाळी, ‘देवेनिएन्त’. एक्केचाळीस ओळींनंतर प्रत्यक्ष घटनेत वर्तमानकाळी, ‘देवेनिउन्त’. एका स्वराच्या फरकाने देवीचा मनसुबा खरा होतो. भविष्य आणि वर्तमान यांचे तक्ते मी त्याआधी नुसते पाठ केले होते.

छंदही तुम्ही लघू-गुरूंच्या हिशेबानेच शिकवलात. ओळीत सहा गट, प्रत्येक गट गुरू-लघू-लघू किंवा दोन गुरूंचा, शेवटचा नेहमी दोनच अक्षरांचा. आठव्या सर्गातली घोडदौडीची ओळ, ‘क्वाद्रुपेदान्ते पुत्रेम सोनितू क्वातित उन्गुला काम्पुम’, तुम्ही टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलीत. पहिले पाचही गट गुरू-लघू-लघू, म्हणजे आपले भगणच. आंधळ्या पॉलिफिमस राक्षसाच्या ओळीत मात्र पहिल्या चार शब्दांतच तीन ठिकाणी अंत्य स्वर गिळला जातो आणि जिभेला ते धूड ओढत न्यावे लागते. ‘नादानुकारी शब्दयोजना’ असे वहीत लिहून मोकळे होण्याची माझी सवय त्या दिवशी सुटली.

व्हर्जिल इसवी सन पूर्व १९ मध्ये वारला, तेव्हा या काव्यावर त्याचा शेवटचा हात फिरायचा राहिला होता. काही ओळी आजही अर्ध्याच आहेत. त्या वाचताना तुम्ही दरवेळी थोडे थांबायचात, आणि आता एकट्याने वाचतानाही मी तिथे थांबतो.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरही दर रविवारी माझ्यासाठी भिंग घेऊन बसलात, एका पैशाचा विषय काढू दिला नाहीत, याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. सहाव्या सर्गाच्या पहिल्या पन्नास ओळींचा अन्वय लावून ठेवला आहे. तेविसाव्या ओळीत अडलो आहे, ती येताना घेऊन येतो.

आपला कृतज्ञ विद्यार्थी