सुमिदातल्या आजींना

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

टोकियोच्या सुमिदा होकुसाई संग्रहालयात तुम्ही एका भारतीय पाहुण्याला लाकडी ठशांची छपाई समजावून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. तुम्ही तिथल्या कर्मचारी नव्हेत, माझ्यासारखंच तिकीट काढून आला होतात. तरी स्वतःचं बघणं बाजूला ठेवलंत.

मी चित्रकार होकुसाईची ‘कानागावाची मोठी लाट’ बघत होतो. कपांवर, टीशर्टांवर इतकी पाहिलेली, पण मूळ छाप जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटरचा! इतक्याशा जागेत फेसाची एवढी नखं एका माणसाने कशी काढली, असं मी विचारलं आणि तुम्ही हसलात. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बरंचसं हातवाऱ्यांनी सांगितलंत. होकुसाईने पातळ कागदावर काढलेलं चित्र चेरीच्या फळीवर उलटं चिकटवायचं आणि कोरणाऱ्याने त्यावरूनच सुरी चालवायची. रेघा लाकडात उतरायच्या, कागद मात्र त्यातच संपायचा. म्हणजे १८३१च्या सुमाराच्या त्या लाटेत होकुसाईच्या कुंचल्याचा एकही फटकारा नाही! पुढे छापणारा. रंगागणिक ठसा लावायचा, कागद पालथा घालून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून घासायचं. फळीवरच्या खाचेत कागद बसला की रंग जागच्या जागी पडतो, हे दाखवायला तुम्ही तिकिटाचा कोपरा बोटांच्या बेचक्यात बसवलात. असा शिक्षक शाळेत मिळाला असता तर!

चित्रावर सही एकट्या होकुसाईची. कोरणाऱ्याचं, छापणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता, आणि बरोबरच होतं. ठसे झिजले की शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटते, हेही तुमच्याकडूनच कळलं. आता कुठेही लाट दिसली की मी आधी ती चौकट शोधतो.

शेवटी म्हाताऱ्या होकुसाईच्या खोलीचा देखावा. आयुष्यात ९३ घरं बदलली म्हणतात, त्यामुळे खोलीतला पसारा खरा वाटला. तो गोधडीत वाकून चित्र काढतोय, शेजारी लेक ओई. सगळे त्याचे फोटो काढत होते. तुम्ही तिच्याकडे बोट केलंत. तीही चित्रकार, तिचं योशिवारा या जुन्या वेश्यावस्तीतल्या रात्रीचं चित्र हाराजुकूच्या ओता संग्रहालयात आहे, पण ते कायम मांडलेलं नसतं, चौकशी करूनच जा, असं बजावलंत. पुढच्या खेपेला तारखा बघूनच विमानाचं तिकीट काढेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लाटेसमोरचा पाहुणा