पुराआधीचा सराव : रविवारी सकाळी 10 वाजता, भामरागड

आशाताई, सिस्टर आणि बचाव पथकातल्या सर्वांसाठी,

नेपाळच्या डोंगरी दवाखान्यात शिकून आलेल्या आपल्या डॉक्टरताई शाळेत सराव घेतील. 2015 च्या भूकंपात तिथले रस्ते दरडींनी बंद झाले, तेव्हा गावकऱ्यांनीच जखमी सांभाळले. पर्लकोटा नदी चढली की आपलीही तीच गत. 108 ला फोन लागला तरी गाडी पलीकडेच.

लाल, पिवळ्या, हिरव्या चिंध्या बांधून कोणाला आधी हलवायचं ते शिकू. साप चावलेला पाय आवळायचा नाही, कापायचा तर मुळीच नाही. कामट्या लावून स्थिर ठेवायचा, पेशंटला चालू द्यायचं नाही. हे प्रत्येकाने स्वतः करून पाहायचंच.

जुनी लुगडी, कामट्या आणा. गरोदर बायांची यादीही हवी. दिवस भरत आलेल्यांना पुराआधीच माहेरघरात (दवाखान्याजवळ बाळंतपणाआधी राहायची सोय) पोचवायचं आहे.