टाळ्यांचे सीन आणि भरताड सीन

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. ‘लेक आता सुपरहिरोंचे सिनेमे बघायचं म्हणतेय, कुठून सुरुवात करून देऊ, एका ओळीत सांग.’ एका ओळीत संपणारा विषय आहे का हा? शिवाय इथे हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा बाहेर पडवत नाही, त्यामुळे सध्या माझा तोच उद्योग चालू आहे. आपण मिळून पाहिलेले आणि ज्यांच्यावरून कडाकडा भांडलेले सगळे सिनेमे एकेक करून पुन्हा लावतेय. तेव्हा ऐसपैस लिहिते. वहिनीलाही वाचायला दे. तुला नाही पटलं तरी तिला पटेल.

या सिनेमांची एक गंमत आहे. हिरो जिंकणार हे पहिल्यांदा बघतानाही माहीत असतं. पोस्टरवर तोच उभा असतो आणि बऱ्याचदा पुढचा भागही जाहीर झालेला असतो. म्हणजे ‘काय होणार’ ही उत्सुकता मुळातच नसते, ‘कसं होणार’ एवढीच असते. दुसऱ्यांदा बघताना तीही जाते. मग उरतं काय? मला तरी असं दिसलं, की ज्या सीनला लोकांनी थेटर डोक्यावर घेतलं होतं ते दुसऱ्या खेपेला निम्मे होतात, आणि तेव्हा जे भरताड वाटले होते ते उभे राहतात. सगळ्याच सिनेमांत नाही हं. काहींमध्ये भरताडाच्या जागी खरोखरच भरताड होतं. ते सरळ झोपतात. ‘थॉर: द डार्क वर्ल्ड’ पुन्हा पाहिला आणि पुन्हा विसरले.

‘स्पायडर-मॅन २’ घे. २००४ चा, सॅम रायमीचा, टोबी मॅग्वायरवाला. तुला त्यातली आगगाडी आठवत असेल. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस गाडी थांबवायची सोयच मोडून टाकतो, आणि हा पठ्ठ्या दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी मारून उधळलेली गाडी छातीवर थोपवतो. तो सीन आजही खणखणीत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या वेळी मी अडकले ती त्याच्या बऱ्याच आधी. पीटरचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, वाढदिवस असतो. पाहुणे गेल्यावर मे काकू त्याच्या हातात वीस डॉलर ठेवते. घराचे हप्ते थकलेत हे त्याला नुकतंच कळलेलं, म्हणून तो नको नको म्हणतो. तर ती भडकते. जास्त नाहीत, पण घे म्हणते ना, असं म्हणून अक्षरशः ओरडते आणि पुढच्या क्षणाला तिला रडू फुटतं. तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीवरून ही बाई का चिडली? आता मात्र तिचं चिडणं अगदी ओळखीचं वाटलं. हातात फार काही उरलेलं नसताना मोठ्या मनाने द्यावं, आणि समोरच्याने ‘राहू दे, तुलाच लागतील’ म्हणावं, याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नसेल.

त्यातलाच आणखी एक सीन. ज्या चोराने काकांचा जीव घेतला त्याला आधी आपणच जाऊ दिलं होतं, हे पीटर शेवटी काकूला सांगून टाकतो. दोघं टेबलाशी बसलेत, तिने त्याचा हात धरलाय. त्याचं बोलणं संपतं. ती एक शब्द बोलत नाही. हात काढून घेते, उठते आणि जिना चढून वर निघून जाते. बस्स. रोझमेरी हॅरिसने त्या सबंध सीनमध्ये चेहऱ्याची रेषही फारशी हलू दिलेली नाही. आणि या सिनेमाला ऑस्कर मिळालं ते कशासाठी, तर व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी!

सिनेमा रडकाही नाही, हे सांगायला हवं. सुरुवातीलाच पीटर झाडू ठेवायच्या कपाटातून बाहेर पडायला बघतो आणि दांडे एकामागून एक अंगावर कोसळत राहतात. तो एक आवरतो तर दुसरा निसटतो. उंच इमारतींवरून झेपा घेणारा माणूस चार झाडूंपुढे हतबल. हे असले सीन तू रिमोटने पुढे ढकलायचास. ‘रडारड संपली की उठव’ हे तर तुझं ठरलेलं वाक्य होतं. लेकीबरोबर बघशील तेव्हा रिमोट वहिनीच्या ताब्यात असू दे.

‘आयर्न मॅन’ची (२००८) तऱ्हा वेगळी. तिथे दुसऱ्यांदा बघणाऱ्यासाठी मुद्दाम काहीतरी राखून ठेवलंय. टोनी स्टार्कबरोबर, म्हणजे पुढे आयर्न मॅन होणाऱ्या माणसाबरोबर, गुहेत कैदेत असलेला यिन्सेन तुला आठवतो का? टोनी त्याला विचारतो, तुला घरचं कुणी आहे का? तो म्हणतो, आहेत ना, इथून निघालो की भेटणारच आहे त्यांना. पहिल्यांदा आपण हे ऐकतो आणि सोडून देतो, कारण आपलं सगळं लक्ष त्या लोखंडी चिलखताकडे. मरताना तो सांगतो की घरचे कधीच गेलेत, आता त्यांच्याकडेच निघालोय. आता तो सिनेमा पुन्हा लाव आणि ते आधीचं वाक्य ऐक. माणूस अवाक्षरही खोटं बोललेला नाही! टोनीला बाहेर काढताना आपण बाहेर पडायचं नाही, हे त्याचं तेव्हाच ठरलेलं असणार, असं मला तरी वाटतं. शॉन टोब नावाच्या नटाने ते वाक्य इतकं साधं टाकलंय की पहिल्या वेळी संशयसुद्धा येऊ नये. गुहेतच तो म्हणतो की आपण पूर्वी बर्नला एका परिषदेत भेटलोय, आणि टोनीला काही केल्या आठवत नाही. पुढे ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) ती १९९९ ची भेट दाखवली आहे. का आठवत नाही ते बघितल्यावर समजतं. टोनीने त्याच्याकडे धड पाहिलेलंच नसतं. बाकी ‘आयर्न मॅन’ आता मला ठीकठाक वाटतो. रॉबर्ट डाउनी ज्युनियर बोलतो तोवर बहार, लढायला लागला की मी घड्याळ बघते.

आता जरा तक्रारीचा सूर. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) थेटरात पाहिला तेव्हा शेवटच्या लढाईला ती सोनेरी वर्तुळं उघडून एकेक जण बाहेर यायला लागला आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. घरी, एकटीने, पांघरूण घेऊन बघितलं तर तोच सीन हजेरी घेतल्यासारखा वाटला. हा आला, ही आली, तोही आला. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये (२०२१) तर जुने स्पायडर-मॅन येतात तेव्हा संवादांमध्ये शिट्ट्या-टाळ्यांसाठी जागाच सोडल्यासारखी वाटते. त्या जागेत टाळ्या नसल्या की सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत उभे. पण त्याच सिनेमात पुढे अँड्र्यू गारफिल्डचा पीटर उंचावरून कोसळणाऱ्या एमजेला, म्हणजे नव्या पीटरच्या मैत्रिणीला, झेलतो. त्याच्या स्वतःच्या सिनेमात, २०१४ साली, त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, त्याला असंच झेलता आलं नव्हतं. तो एमजेला जमिनीवर ठेवतो, बरी आहेस ना, असं विचारतो, आणि त्याचाच चेहरा मोडतो. धीर तिनेच त्याला द्यायची वेळ येते. या एका सीनसाठी मी बाकीचा गोंगाट माफ करायला तयार आहे.

‘एंडगेम’मधलंही काही टिकलं, नाही असं नाही. अगदी सुरुवातीला क्लिंट, म्हणजे तो धनुष्यबाणवाला हिरो, मुलीला धनुष्यबाण शिकवत असतो, क्षणभर पाठ फिरवतो आणि वळून बघतो तर मुलगी नाही. मग बायको नाही, मुलं नाहीत. आवाज नाही, राक्षस नाही. तीन तासांच्या त्या सिनेमात मला आता सगळ्यात भीती वाटते ती या दोन-तीन मिनिटांची.

बरं, आता तुझं दैवत. बॅटमॅनचा ‘द डार्क नाइट’, २००८. रागावू नकोस, जोकर माझ्या लेखी अजून वरच गेलाय. हॉस्पिटलमध्ये तो हार्वीला, म्हणजे त्या जखमी सरकारी वकिलाला, म्हणतो, मी काय आखणीबिखणी करणारा माणूस दिसतो का? पहिल्यांदा आपण मान डोलावतो. पुन्हा बघताना पहिलाच दरोडा आठव. मुखवटेवाले साथीदार ठरल्या क्रमाने एकमेकांना संपवतात, भिंत फोडून शाळेची पिवळी बस आत येते, आणि पैसे भरून ती बाहेर पडते ती नेमकी शाळेच्या बसच्या रांगेत जाऊन मिसळते. आणि हा म्हणे आखणी करत नाही! तोंडावरच्या व्रणांची गोष्टसुद्धा प्रत्येकाला वेगळी सांगतो. म्हणजे हीथ लेजरने वेड्याचं काम केलेलं नाही, अट्टल खोटारड्याचं केलंय, आणि ते मला आता दिसलं. तो जानेवारीत गेला आणि सिनेमा जुलैमध्ये आला. ऑस्करही त्याच्या पश्चात मिळालं. तेव्हा ती बातमी डोक्यात ठेवूनच आपण सगळे त्याच्याकडे बघत होतो. आता बातमी जुनी झाली आणि काम उरलं.

घसरला तो बॅटमॅन. त्याच्या त्या घोगऱ्या आवाजाबद्दल मी काही बोलत नाही, तुला माहीत आहे माझं मत. माझं म्हणणं मोबाइलबद्दल आहे. जोकरला शोधायला हा सगळ्या शहराचे फोन कान आणि डोळे म्हणून वापरतो. त्याला यंत्रं पुरवणारा लुशियस फॉक्स म्हणतो, हे यंत्र इथे असेल तर मी नसेन. काम झाल्यावर यंत्र मोडतं, फॉक्स हसत निघून जातो, विषय संपला. तेव्हा ते मला एक भारी यंत्र एवढंच वाटलं होतं. पण २०१३ मध्ये स्नोडेनने सरकारी पाळतीची कागदपत्रं बाहेर काढल्यानंतर हाच सीन बघवत नाही. ‘एकदाच वापरतो आणि मोडून टाकतो’ या शब्दावर इतक्या सहज विश्वास टाकायचा? सिनेमा टाकतो. मी नाही टाकत. दोन बोटींचा सीन मात्र अजूनही पहिल्या नंबरावर. प्रत्येक बोटीवर दुसरी बोट उडवायचा रिमोट, आणि एका बोटीवर सगळे कैदी. तो धिप्पाड कैदी रिमोट मागून घेतो आणि खिडकीतून फेकून देतो. कुणी कुणाला हात लावलेला नाही आणि सगळ्या सिनेमातली मोठी लढाई तीच.

सुपरमॅनच्या ‘मॅन ऑफ स्टील’बद्दल (२०१३) थोडक्यात. शेवटी शहराच्या शहर भुईसपाट होतं आणि माणसं मेली की नाही याची कुणाला फिकीर नाही, असं तू तेव्हाच म्हणाला होतास. पण २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ची सुरुवातीची मिनिटं पुन्हा बघ. तीच लढाई, पण खालून, रस्त्यावरून. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, धुळीच्या लोटात शिरतो आणि वर सुपरमॅन आणि त्याचा शत्रू ठिपक्यांएवढे दिसतात. ते पाहून आलास की आधीच्या सिनेमाचा शेवट वेगळाच दिसायला लागतो. बाकी तो २०१६ चा सिनेमा सोडून दे. आणि ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये वावटळीत सापडलेला बाप तळहात वर करून ‘येऊ नकोस’ म्हणतो आणि पोरगा ऐकतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. कुठला पोरगा ऐकेल रे?

तर लेकीसाठी क्रम. आधी ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४). ती त्यातल्या छोट्या डॅशच्या धावण्यावर खूश होईल, तू मात्र विमा कंपनीच्या टेबलाला चिकटून बसलेल्या त्याच्या बापाकडे, बॉबकडे, बघ. साहेबांची नजर चुकवून तो म्हातारीला क्लेम पास करून घ्यायची वाट सांगतो ना, त्याचं खरं हिरोपण तिथेच आहे. गुहेत आई, हेलन, पोरांना बजावते, की हे लोक टीव्हीतल्या दुष्टांसारखे नाहीत, मुलं आहात म्हणून सोडणार नाहीत; त्या वेळी लेकीला जवळ घेऊन बस.

मग १९७८ चा ‘सुपरमॅन’. उडणं तिला जुनाट वाटेल, वाटू दे. त्याच्या आवडत्या लोइसच्या घरातला एक सीन तेवढा दाखव. ती आतल्या खोलीत गेलेली असताना क्लार्क, म्हणजे चष्मेवाल्या वेशातला सुपरमॅन, चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. आता सांगून टाकणार, तेवढ्यात धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली. एवढ्या चष्म्याने कुणी ओळखत कसं नाही म्हणून आपण किती हसायचो! क्रिस्टोफर रीव्हने तिथे कॅमेऱ्यासमोर, कट न घेता, उत्तर देऊन ठेवलंय.

त्यानंतर ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). त्यात एक खुबी आहे. जंगलातून झोके घेताना मोठा पीटर सेकंदाला चोवीस चित्रांनी हलतो आणि नवशिका स्पायडर-मॅन माइल्स बाराच चित्रांनी, म्हणून तो अडखळल्यासारखा दिसतो. पुढे तो तरबेज झाला की त्याचंही हलणं सफाईदार होतं. हे तिला आधी सांगू नकोस. पहिल्यांदा नुसतं बघू दे, पुन्हा लाव म्हणेल तेव्हा सांग. ‘स्पायडर-मॅन २’ जरा मोठी झाल्यावर, आणि तुझा जोकर इतक्यात अजिबात नको.

तिला कुठला सीन आवडला ते तिच्याच शब्दांत मला कळव. मध्ये तुझं पांडित्य नको.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला सप्रेम, छोटीला गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबा म्हणतीलच, ‘मिस्टर इंडिया’ला विसरली. नाही विसरले, तोही पाहिला. १९८७ चा असून हाणामारी आजही रंगते, आणि कारण बघ: हिरो दिसतच नाही, त्यामुळे सगळा अभिनय मार खाणाऱ्या गुंडांनाच करावा लागतो. हवेतल्या ठोशाला इतक्या मन लावून कोलमडणाऱ्या त्या लोकांना कुणी बक्षीस का दिलं नाही, ते बाबांना विचार.