बापू, ते ढग मीच पुसले

प्रिय बापू,

सात-आठ महिने झाले, तुला पत्र नाही की फोन नाही. कामाचा व्याप होता असं सांगणार नाही, कारण ते खरं नाही. तुझ्याशी बोलायचं म्हणजे त्या भांडणावर बोलणं आलं, म्हणून टाळत राहिलो. पण परवा रात्री जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? घरी सांगितलं तर पदवी किती लांबणार एवढंच विचारतील. सरांना सांगून पाहिलं, त्याचं पुढे लिहितो.

तब्येत ठीक आहे. पाठ दुखते, ती दुखायचीच.

बापू, तू बरोबर होतास. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्रभर त्याच्याभोवती फिरत बसेन. "ओळी पिसू नकोस, वर्षं बाजूला काढ," असं तू फळ्यावर लिहून दाखवलं होतंस. मी म्हणालो, सगळे असंच करतात. तू म्हणालास, सगळ्यांचं पीक येऊ दे की मग. मग मी ते बोललो, 'अर्ध्यावर सोडून चाललेल्यानं शिकवू नये' हे. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं त्याची आठवण मला रोज होते. माफ कर.

आता झालं काय ते ऐक. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं, गव्हाचं पीक किती येईल ते सांगणारं मॉडेल तुला माहीतच आहे: फ्रान्समधले गव्हाचे जिल्हे, मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्यानं मोजलेला २००० पासूनचा हिरवेपणा, जोडीला पाऊस आणि तापमान. अचूकतेचे आकडे इतके देखणे आले होते की परिषदेत लोकांनी फोटो काढले. परवा रात्री सहज म्हणून, खरं तर तुझा आवाज डोक्यातून जाईना म्हणून, मी २०१६ हे अख्खं वर्ष बाहेर ठेवलं आणि मॉडेलला विचारलं, सांग बघू यंदा गहू कसा. मॉडेल म्हणालं, छान. नेहमीपेक्षा जरा बराच.

आणि २०१६ ला तिथे काय झालं होतं हे आपण दोघांनी मिळून वाचलं होतं. आदल्या वर्षी ४ कोटी टनांच्या घरात गेलेला गहू २ कोटी ८० लाखांच्या आसपास आला. उत्तरेकडच्या त्या सुपीक पट्ट्यात तर हाहाकार झाला. कापणी जवळ येईपर्यंत अंदाज बांधणाऱ्यांना पत्ता नव्हता. पुढे २०१८ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये त्याची उकल आली: डिसेंबरच्या सुमाराला भलताच उबारा आणि मग वसंतात नको इतका पाऊस, दोन्ही एकापाठोपाठ. एकेकटं आलं असतं तर गव्हानं सोसलं असतं.

मग माझं मॉडेल आधी इतकं हुशार का दिसत होतं? तू सांगितलंस तेच. एका जिल्ह्याचं एक वर्ष म्हणजे एक ओळ; त्या पत्त्यांसारख्या पिसून शिकायला आणि तपासायला अशा वाटल्या की २०१६ चा एक जिल्हा परीक्षेला बसतो आणि त्याच्या बांधाला बांध लावून असलेला शेजारी त्याच २०१६ चं उत्तर घेऊन शिकवणीच्या वर्गात बसलेला असतो. पाऊस सारखा, तापमान सारखं. मॉडेलनं पीक ओळखलंच नाही, वर्ष ओळखलं. आणि वर्ष कुठलं हे कळलं की उत्तर शेजाऱ्याचं. सगळी वर्षं एकेक करून बाहेर काढली तेव्हा तो देखणा आकडा निम्म्याच्याही खाली आला. वाईट वर्षांत तर सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं.

इथपर्यंत तुझा विजय आहे. पण मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीनं.

पहाटे मी एकाच जिल्ह्याची हिरवेपणाची रेघ काढून बसलो, २०१५ ची आणि २०१६ ची एकावर एक. मे महिन्यात २०१६ ची रेघ वर होती, बापू. गहू दाट, हिरवागार. वरून बघणाऱ्याला पानं दिसतात, ओंबीत दाणा भरतोय का ते दिसत नाही. त्यात पीक एकदा दाट झालं की हिरवेपणाचा हा निर्देशांक चढायचाच थांबतो, आणखी पानं आली तरी तेच. हे सगळं मला पाठ आहे. पण रेघ फार गुळगुळीत वाटली. म्हणून चढउतार गुळगुळीत करणारी गाळणी लावण्याआधीचे मूळ आकडे उघडले. मेअखेर ते जूनची सुरुवात, ज्या दिवसांत सीन नदी फुगून पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयानं तळघरातल्या कलाकृती वर हलवल्या, तिथे धड आकडेच नाहीत. ढगांची खूण असलेले पिक्सेल, एकाला लागून एक. १६ दिवसांतलं सगळ्यात स्वच्छ चित्र निवडायचं म्हटलं तर स्वच्छ असं काही नव्हतंच. आणि मी काय केलं होतं? ढगाळ म्हणून ते पिक्सेल फेकले, मागचा-पुढचा आकडा घेऊन भोक बुजवलं, वर गाळणी फिरवली. ऊन नाही, शेतात पाणी, बुरशीला मोकळं रान, ही सगळी बातमी त्या ढगांत होती. ती मी कचरा म्हणून पुसली आणि तिच्या जागी एका निरोगी गव्हाची रेघ काढून ठेवली.

तीन वर्षं मी त्याला 'डेटा साफ करणं' म्हणत होतो.

सरांकडे गेलो. सगळं दाखवलं. ते चांगले आहेत, ओरडले नाहीत. म्हणाले, 'मर्यादा' या भागात दोन ओळी लिही आणि पुढे चल, हवामानबदलाचं प्रकरण बाकी आहे. पण तेच प्रकरण तर या मॉडेलवर उभं आहे! २०५० चे नकाशे मी याच मॉडेलकडून, रँडम फॉरेस्टकडून, काढणार आहे, आणि त्यानं आजवर जेवढं वाईट पाहिलं त्यापलीकडे ते जाऊच शकत नाही. पाहिलेल्याच्या सरासऱ्यांतून उत्तर देतं ते. जगभरचा हिशेब सांगतो की तापमान एक अंश वाढलं की गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्के घटतं, मक्याचं ७ च्या वर. माझा नकाशा मात्र २०५० ला शांत, फिकट पिवळा. कुणी तो बघून निर्धास्त झालं तर? दोन ओळींच्या मर्यादा कोण वाचतो रे?

मी सरांना सांगितलं, तिसरं प्रकरण नव्यानं करतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सहा महिने जातील, शिष्यवृत्ती तोवर पुरणार नाही. ते खरं आहे. तरी करणार. परिषदेच्या लोकांना दुरुस्तीचं कळवायचंय, तो मसुदा लिहितोय आणि खोडतोय.

तुझी नवी नोकरी कशी आहे? पिल्लू बोलायला लागली म्हणे, ताई सांगत होती. आईंचा गुडघा? मोठा डेस्क मिळाला का, की अजून मांडीवर लॅपटॉप? तू शिंकलास तरी त्यात कारण आणि परिणाम शोधायचास, तिथे कुणी ऐकून घेतं का?

आता खरं विचारायचं ते. ढगाळ दिवसांची संख्याच मॉडेलला द्यायची, पुसायची नाही, एवढं ठरवलंय. ढगांतून बघणारं रडार, सेंटिनेल-१, आहे. पण ते २०१४ पासूनचं, आणि माझ्या आकड्यांत त्यानंतर वाईट वर्ष एकच येतं. आणि तिथेच अडलोय. २०१६ बाहेर ठेवलं तर मॉडेलला अशी आपत्ती ठाऊकच नाही. आत घेतलं तर ते त्या एका वर्षाचीच घोकंपट्टी करतं आणि तपासायला दुसरं उरत नाही. आकड्यांत एकदाच घडलेली गोष्ट शिकवायची कशी आणि मॉडेल ती शिकलं की नाही हे बघायचं कशावर? त्या दिवशी फळ्यावर तू खाली आणखी काहीतरी लिहायला घेतलं होतंस आणि मी डस्टर फिरवला. ते काय होतं?

तुझा,
दिगू